जर्मन ‘बिलिओन’ म्हणजे अब्ज नव्हे: नऊ शून्यं की बारा, हे कसं ठरवायचं?

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. १९२३ च्या जर्मन चलनवाढीवर मराठीत लेख लिहिताना एका अनुवादकाला एकाच गोष्टीचे चार आकडे सापडले. जर्मन पुस्तक म्हणतं, एका डॉलरला ४.२ ‘बिलिओन’ मार्क. इंग्रजी म्हणतं ४.२ ‘ट्रिलियन’. फ्रेंचमध्ये ४,२०० ‘मिलियार’ आणि स्पॅनिशमध्ये ४.२ ‘बियोनेस’. भाषांतराच्या ॲपने मराठीत ‘४.२ अब्ज’ असं करून दिलं. मग खरं कोणतं, चूक कोणाची आणि लेखात काय छापायचं?

आधी उत्तर देते, कारणं नंतर. चारही पुस्तकं बरोबर आहेत. चुकलंय फक्त ॲप, तेही थोडंथोडकं नाही, हजार पटीनं. मराठीत ४.२ लाख कोटी मार्क असं लिहा.

खरी अडचण अशी की आपण ‘बिलियन’ला आकडा समजतो. तो आकडा नाही, आकड्याचं नाव आहे, आणि हे नाव कुठल्या भाषेत, कुठल्या देशात आणि कुठल्या साली लिहिलं गेलं त्यावर त्याच्यामागची शून्यं ठरतात. शब्दकोशात ‘बिलियन = अब्ज’ पाहून काम सुरू केलं की इंग्रजी मजकुरात ते निभावतं. जर्मन, डच, पोलिश, स्पॅनिश मजकुरात मात्र तीन शून्यं गळतात. आणि तीन शून्यं गळालेलं वाक्य वाचताना कुठेच अडखळायला होत नाही, व्याकरण ठीक, अर्थही लागतो. त्यामुळे ही चूक मुद्रितशोधकाच्या हातूनही निसटते.

हे झालं कसं ते समजून घ्या, म्हणजे पाठांतर करावं लागणार नाही. मूळ लॅटिन शब्द ‘मिल्ले’, म्हणजे हजार. इटालियन भाषेत एखादी गोष्ट मोठी आहे असं सांगायला शब्दाला ‘ओने’ हा प्रत्यय लागतो. ‘मिनेस्त्रा’ म्हणजे सूप, त्यातलं भरगच्च ते ‘मिनेस्त्रोने’. तसंच ‘मिल्ले’चं ‘मिलिओने’: मोठा हजार, म्हणजे हजार हजार. इथपर्यंत युरोपभर एकमत आहे. ‘मिलियन’ म्हणजे १ वर ६ शून्यं, आपले दहा लाख. या शब्दाने कुठे दगा दिल्याचं उदाहरण नाही.

भानगड पुढच्या पायरीवर सुरू होते. निकोला श्युके हा फ्रेंच गणिती लियों शहरात राहत होता. त्याने १४८४ च्या हस्तलिखितात मोठ्या संख्यांना पद्धतशीर नावं दिली. (त्याच्या आधी, १४७५ मध्ये, जेहान आदाम याने ‘बायमिलियन’, ‘ट्रायमिलियन’ अशा धर्तीची नावं वापरली होती.) श्युकेने अंकांचे सहा-सहाचे गट पाडले. पहिल्या गटानंतर मिलियन, दुसऱ्यानंतर बिलियन, तिसऱ्यानंतर ट्रिलियन. म्हणजे ‘बि’ हा नुसता सजावटीचा उपसर्ग नव्हता. मिलियनला मिलियनने एकदा गुणलं की बिलियन, १२ शून्यं. पुन्हा गुणलं की ट्रिलियन, १८ शून्यं. या हिशोबात ‘बि’, ‘त्रि’, ‘क्वाद्रि’ यांचा अर्थ सरळ लागतो: उपसर्गाचा अंक गुणिले सहा म्हणजे शून्यांची संख्या. हिला लांब मोजणी म्हणतात.

पुढे १७ व्या आणि १८ व्या शतकात फ्रान्समध्येच काही अंकगणितकारांनी सहाऐवजी तीन-तीन अंकांचे गट पाडायला सुरुवात केली आणि प्रत्येक नव्या गटाला पुढचं नाव देऊन टाकलं. हजार मिलियन झाले की लगेच बिलियन, ९ शून्यं. हजार बिलियन झाले की ट्रिलियन, १२ शून्यं. ही आखूड मोजणी. इथे ‘बि’चा ‘दोन’शी असलेला संबंध तुटतो. सूत्र मात्र आहे: उपसर्गाचा अंक गुणिले तीन, अधिक तीन. बि म्हणजे ९, त्रि म्हणजे १२, क्वाद्रि म्हणजे १५. दोन्ही सूत्रं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. कोणतं लावायचं एवढंच मग ठरवायचं उरतं.

मग ‘मिलियार’ कुठून आला? लांब मोजणीत मिलियन आणि बिलियन यांच्यात सहा शून्यांची रिकामी जागा राहते. मधल्या हजार मिलियनला सुटसुटीत नाव हवं होतं. फ्रेंचमध्ये १६ व्या शतकात ‘मिलियन’चंच शेपूट बदलून ‘आर’ हा प्रत्यय लावला गेला आणि ‘मिलियार’ तयार झाला. सुरुवातीच्या लेखनात त्याचा अर्थ डळमळीत होता. पण १९ व्या शतकात तो ९ शून्यांवर स्थिरावला आणि नंतर हलला नाही. १८२५ मध्ये क्रांतीत जमिनी गमावलेल्या सरदारांना द्यायच्या भरपाईला फ्रान्समध्ये ‘एमिग्रेंचा (देश सोडून गेलेल्यांचा) मिलियार’ हेच नाव पडलं. १८७१ च्या फ्रँकफुर्टच्या तहात फ्रान्सने जर्मनीला द्यायची खंडणी ५ मिलियार फ्रँक, आपल्या भाषेत ५०० कोटी. मजकुरात मिलियार, मिलिआर्ड, मिलिआर्दो, मिलियार्द यांपैकी काहीही दिसलं की निर्धास्तपणे ९ शून्यं लिहा. या सगळ्या गोतावळ्यातला हा एकच शब्द माझ्या मते पूर्ण विश्वासाचा आहे.

आता कोणती भाषा कुठे बसते ते पाहू. इथे थोडं सावकाश जायला हवं.

जर्मन सरळ आहे: मिलिओन, मिलिआर्ड, बिलिओन, बिलिआर्ड, ट्रिलिओन. शून्यं अनुक्रमे ६, ९, १२, १५, १८. डच, डॅनिश, नॉर्वेजियन, स्वीडिश, फिनिश, पोलिश, चेक, हंगेरियन हे सगळे याच रांगेत. उच्चार बदलतात, शून्यं बदलत नाहीत. डचमध्ये ‘बिल्यून’, पोलिशमध्ये ‘बिलियोन’, फिनिशमध्ये ‘बिल्योना’, सगळीकडे १२ शून्यं. स्वीडिशमध्ये ‘बिलिआर्ड’ हा शब्द १५ शून्यांना आणि टेबलावर काठीने खेळायच्या खेळाला एकाच स्पेलिंगने येतो. सुदैवाने दोन्हींचा संदर्भ एकमेकांत मिसळण्याची वेळ क्वचितच येते.

इटालियनमध्ये ‘मिलिआर्दो’ रोजच्या वापरातला आहे. १२ शून्यांना ‘बिलिओने’ हा शब्द कोशात असला तरी वर्तमानपत्रं ‘हजार मिलिआर्दी’ लिहिणं पसंत करतात. लिरा या जुन्या चलनाच्या काळात असे आकडे अंदाजपत्रकात नित्याचे होते. इटालियन मजकुरात ‘बिलिओने’ दिसलाच, तर तो मुळात इंग्रजीतून घाईने भाषांतरित झालेला मजकूर नाही ना, हे आधी तपासा.

स्पॅनिशची गोष्ट वेगळी. तिथे ‘बियोन’ म्हणजे १२ शून्यं, पण ९ शून्यांना लोकांच्या तोंडी स्वतंत्र शब्द नाही. ते ‘हजार मिलियन’ असंच म्हणतात. व्हेनेझुएलाचे अध्यक्ष राफाएल काल्देरा यांच्या सूचनेवरून स्पॅनिश अकादमीने १९९५ मध्ये ‘मियार्दो’ हा शब्द स्वीकारला, पण तो फारसा रुजला नाही. त्यामुळे स्पॅनिशमध्ये जगाची लोकसंख्या ८,००० मिलियन आणि विश्वाचं वय १३,८०० मिलियन वर्षं असं वाचायला मिळेल. हा आकडा बघून बिचकू नका, शेवटी दोन शून्यं लावून लाखात वाचायचा प्रयत्नही करू नका. मिलियनचा आकडा दहाने भागला की थेट कोटी मिळतात: ८०० कोटी माणसं, १,३८० कोटी वर्षं. स्पॅनिश मजकुरातला सगळ्यात मोठा धोका आतूनच आहे. इंग्रजी बातम्यांवरून घाईत लिहिणारे स्पॅनिश पत्रकार इंग्रजी ‘बिलियन’चं ‘बियोन’ करून टाकतात. स्पॅनिशच्या शुद्ध वापरासाठी काम करणाऱ्या फुन्देउ या संस्थेने यावर पुन्हा पुन्हा इशारा दिलेला आहे. अमेरिकेतल्या स्पॅनिश मजकुरात तर इंग्रजीच्या प्रभावाने ‘बियोन’ ९ शून्यांचाही निघतो. म्हणून स्पॅनिशमध्ये ‘बियोन’ दिसला की मूळ बातमी कुठून आली हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पोर्तुगीजमध्ये समुद्राच्या दोन काठांवर दोन हिशोब आहेत. पोर्तुगालमध्ये ९ शून्यांना ‘मिल मिल्योइंश’ म्हणजे हजार मिलियन, आणि ‘बिलियांव’ला १२ शून्यं. ब्राझीलमध्ये ‘बिल्यांव’ला ९ शून्यं. स्पेलिंगवरून ओळखता येतं: ब्राझीलच्या शब्दात ‘एल’नंतर ‘एच’ असतो, पोर्तुगालच्या रूपात ‘आय’. ही खूण बरीच उपयोगी आहे, पण एकट्या खुणेवर विसंबू नका, प्रकाशनाचं ठिकाण बघा. गोव्यातली जुनी पोर्तुगीज कागदपत्रं वाचणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. तिथे बिलियनपर्यंत पोचायची वेळ बहुधा येणार नाही, पण ‘कोन्तु’ हा शब्द अडवेल. रेइश या चलनात एक कोन्तु म्हणजे दहा लाख रेइश, आणि तो लिहिताना १:०००$००० असा लिहीत. इथलं $ हे चिन्ह डॉलरचं नाही, हजाराचा गट दाखवणारं आहे. १९११ नंतर पोर्तुगालमध्ये एस्कुदो आला तेव्हा हजार रेइशचा एक एस्कुदो झाला. त्यामुळे कोन्तु म्हणजे हजार एस्कुदो, आणि $ हे चिन्ह एस्कुदो आणि सेंतावु (एस्कुदोचा शंभरावा भाग) यांच्या मधे येऊन बसलं. १२$५० म्हणजे साडेबारा एस्कुदो.

रशियन भाषा दोन्हींची सरमिसळ करते, आणि जर्मनवरून रशियनकडे वळलेले लोक नेमके इथे पडतात. ९ शून्यांना ‘मिलियार्द’, लांब मोजणीसारखं. पण त्याच्या पुढची पायरी थेट ‘त्रिलियोन’, आणि तो १२ शून्यांचा, आखूड मोजणीतला. युक्रेनियन, बल्गेरियन आणि तुर्की याच पद्धतीने चालतात. म्हणजे पोलिश ‘त्रिलियोन’ला १८ शून्यं आणि सीमेपलीकडच्या युक्रेनियनमध्ये जवळपास तसाच ऐकू येणारा शब्द १२ शून्यांचा. शेजारची भाषा म्हणून नियम तोच असेल असं गृहीत धरू नका.

ग्रीक तर मिलियन हा शब्दच घेत नाही. प्राचीन ग्रीकमध्ये ‘मिरिया’ म्हणजे दहा हजार. शंभर मिरिया म्हणजे ‘एकातोमीरिओ’, दहा लाख. त्याला ‘दिस’ म्हणजे दोनदा हे जोडून ९ शून्यांचं ‘दिसेकातोमीरिओ’ आणि ‘त्रिस’ जोडून १२ शून्यांचं ‘त्रिसेकातोमीरिओ’. शब्द पूर्ण स्वदेशी, मोजणी मात्र आखूड.

आतापर्यंत भाषा आणि देश झाले. आता साल. इथेच जुन्या ग्रंथांवर काम करणारे फसतात.

फ्रेंच ‘बिलियों’ने दोन वेळा कूस बदलली आहे. श्युकेच्या काळात १२ शून्यं. १८ व्या शतकापासून आखूड मोजणी रुजत गेली आणि ९ शून्यं झाली. अमेरिकेने ती याच फ्रेंच वळणाने उचलली. मग १९४८ मध्ये वजनमापांच्या नवव्या आंतरराष्ट्रीय परिषदेने युरोपसाठी लांब मोजणीची शिफारस केली आणि फ्रान्सने १९६१ च्या शासकीय आदेशाने ती अंगीकारली. तेव्हापासून पुन्हा १२. म्हणजे १८८० च्या फ्रेंच पुस्तकातला ‘बिलियों’ ९ शून्यांचा आणि १९८० च्या पुस्तकातला १२ शून्यांचा. आजचे फ्रेंच लोक स्वतःही हा शब्द टाळून ‘हजार मिलियार’ म्हणतात, त्याचं नवल वाटायला नको.

ब्रिटनने उलटा रस्ता धरला. तिथे ‘बिलियन’ १२ शून्यांचा होता. २० डिसेंबर १९७४ रोजी पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांनी संसदेत लेखी उत्तर दिलं की मंत्र्यांच्या वापरात हा शब्द आंतरराष्ट्रीय रूढीप्रमाणे हजार मिलियन याच अर्थी राहील. सामान्य लोकांची सवय बदलायला अर्थातच त्याहून जास्त काळ लागला. त्यामुळे १९७४ आधीच्या ब्रिटिश पुस्तकात ‘बिलियन’ दिसला तर १२ शून्यांची शक्यता गृहीत धरूनच चला, आणि १९७० च्या दशकातल्या मजकुरात आकडा दुसऱ्या मार्गाने पडताळा. अमेरिकन पुस्तकात ही चिंता नाही. आपल्याकडच्या जुन्या, ब्रिटिश वळणाच्या कोशांनाही हेच लागू आहे. कोश हातात घेतला की आधी त्याचं प्रकाशनवर्ष पाहा. गंमत म्हणजे फ्रान्सने जगाला आखूड मोजणी दिली आणि इंग्रजी जगाने ती पूर्ण स्वीकारेपर्यंत फ्रान्स स्वतः तिच्यातून बाहेर पडला होता.

इतकं सगळं समोर असताना प्रत्यक्ष काम कसं करायचं? माझी पद्धत अशी. मोठी संख्या आली की मी शब्दाचं भाषांतर करतच नाही. समासात आधी संख्या पूर्ण शून्यांनिशी उतरवते, मग उजवीकडून आपल्या पद्धतीने स्वल्पविराम देते (पहिले तीन अंक, मग दोन-दोन), आणि तिथून मराठीत वाचते. ४.२ बिलिओन मार्क घ्या. जर्मन आहे, १९२३ आहे, म्हणून १२ शून्यं: ४२,००,००,००,००,०००. कोटीसाठी उजवीकडचे सात अंक झाका, उरतात ४,२०,०००. म्हणजे चार लाख वीस हजार कोटी. हा सात अंक झाकण्याचा प्रकार बाळबोध वाटतो, पण डोक्यातल्या डोक्यात रूपांतर करण्यापेक्षा तो कितीतरी भरवशाचा आहे.

यानंतर पडताळणी. मोठी संख्या एकटी कधीच तपासता येत नाही. तिच्या बाजूला दुसरी, ठाऊक असलेली संख्या ठेवावी लागते. तुमच्या उदाहरणात ती आयती आहे. नोव्हेंबर १९२३ मध्ये रेंटेनमार्क हे नवं जर्मन चलन आलं तेव्हा एका रेंटेनमार्कला एक बिलिओन कागदी मार्क असा दर ठरला, आणि डॉलर ४.२० रेंटेनमार्कचा झाला, जो पहिल्या महायुद्धाआधीचाही दर होता. १२ शून्यं धरली तर हिशोब चोख बसतो. एका ठिकाणी बिलिओनचं अब्ज करून दुसऱ्या ठिकाणी लाख कोटी केलंत तर डॉलरची किंमत ४२०० रेंटेनमार्क नाहीतर ०.००४२ रेंटेनमार्क अशी काहीतरी निघेल. तेवढ्यावरून लगेच कळतं की कुठेतरी तीन शून्यं घसरली. विज्ञानाच्या मजकुरात प्रकाशवर्ष कामाला येतं: सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर. हे इंग्रजीत ९.४६ ट्रिलियन, जर्मनमध्ये ९.४६ बिलिओन. नवी भाषा हाताळताना तिच्या विश्वकोशात प्रकाशवर्षाची नोंद उघडा, १२ शून्यांना ती भाषा काय म्हणते ते एका वाक्यात कळेल. ९ शून्यांसाठी जगाची लोकसंख्या बघा. युरोपीय संघाच्या कागदपत्रांचाही असाच उपयोग होतो, कारण एकच मजकूर अनेक भाषांत शेजारी शेजारी मिळतो. कोविडनंतरचा ७५० बिलियन युरोंचा पुनर्बांधणी निधी जर्मनमध्ये ७५० मिलिआर्डन, इटालियनमध्ये ७५० मिलिआर्दी, पोर्तुगीजमध्ये ७५० हजार मिलियन आणि स्पॅनिशमध्ये ७,५०,००० मिलियन असा भेटतो. मराठीत ७५,००० कोटी युरो.

काही सापळे शब्दात नसून चिन्हांत असतात, आणि ताळेबंद किंवा तक्ते भाषांतरित करणाऱ्यांनी ते विशेष लक्षात ठेवावेत. जर्मनमध्ये दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारांसाठी बिंदू वापरतात. तक्त्यात १.२३४ आणि पुढे मिलिआर्डचं संक्षिप्त रूप ‘एमआरडी’ असेल तर ते एक हजार दोनशे चौतीस मिलिआर्ड, म्हणजे १,२३,४०० कोटी. तोच आकडा १,२३४ असा स्वल्पविरामाने असेल तर सव्वा मिलिआर्डच्या आतला, १२३.४ कोटी. एका टिंबाचा फरक आणि हजार पट अंतर. जर्मन कंपन्यांच्या अहवालात युरोच्या आधी ‘टी’ हे अक्षर दिसतं. ते ‘टाउझंट’चं, म्हणजे हजाराचं. इंग्रजी सवयीने त्याचा ट्रिलियन केलात तर शंभर कोटी पटीची चूक होते. ‘बीआयओ’ आणि टिंब म्हणजे बिलिओन, जैविक वगैरे काही नाही. इंग्रजी वित्तक्षेत्रात दोन ‘एम’ म्हणजे मिलियन (हजार गुणिले हजार), आणि काही जुन्या हिशोबांत एकटा ‘एम’ म्हणजे नुसता हजार. फ्रेंचमध्ये मात्र एकटा ‘एम’ म्हणजे मिलियन आणि ‘एम’ला लहान ‘डी’ जोडला की मिलियार. तक्त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं एकक आधी वाचा, मग आकड्यांना हात लावा. ॲप चुकतं ते बहुतेकदा याच ठिकाणी: मथळा, तक्त्याचं शीर्षक, आलेखाची पट्टी, जिथे आजूबाजूला वाक्य नसतं.

मराठीत कोणता शब्द वापरायचा, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: कोटी आणि लाख कोटी. ‘अब्ज’ ९ शून्यांसाठी बरोबर आहे आणि वाचकाला कळतो, एखाद्या ठिकाणी चालेल. पण त्याच्या पुढे जाऊ नका, कारण आपल्या घरातही हाच गोंधळ आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) कोटीच्या पुढे दर पायरीला एक शून्य वाढतं: अर्बुद ८ शून्यं, अब्ज ९, खर्व १०, निखर्व ११, महापद्म १२. हिंदीत मात्र ‘अरब’ ९ शून्यांचा, ‘खरब’ ११ चा आणि ‘पद्म’ तर १५ चा. अर्बुद आणि अरब हा मुळात एकच शब्द, खर्व आणि खरबही, पण शून्यं वेगळी. हिंदीतून मराठीत येताना ‘खरब’चं ‘खर्व’ केलं तर एक शून्य जातं. महापद्म १२ शून्यांना तंतोतंत बसतो हे खरं, पण वाचकाला त्यासाठी कोश उघडायला लावण्यात अर्थ नाही. ‘ट्रिलियन’ हा शब्द मराठी बातम्यांत आता रुळलाय, महाराष्ट्राची एक ट्रिलियन डॉलरची अर्थव्यवस्था वगैरे. इंग्रजीतून आलेल्या मजकुरात तो ठेवायला हरकत नाही. पण हीच बातमी जर्मन वर्तमानपत्रात ‘एक बिलिओन डॉलर’ अशी छापून येईल, हे जर्मनीतल्या मराठी वाचकाने ध्यानात ठेवावं.

करारनामा, निकालपत्र किंवा प्रमाणित भाषांतर असेल तर नियम आणखी कडक. आकडा मूळ कागदात जसा आहे तसा पूर्ण अंकांत ठेवा, शेजारी मराठी अक्षरांत लिहा, आणि मूळ शब्द लिप्यंतर करून तळटीपेत द्या. चलनाचं रूपांतर स्वतःहून करू नका. वैज्ञानिक मजकुरात शक्य तिथे गिगा (९ शून्यं) आणि टेरा (१२ शून्यं) हे उपसर्ग वापरा, ते भाषेनुसार बदलत नाहीत. ‘पार्ट्स पर बिलियन’सारखी एककं टाळावीत असं मापनाची आंतरराष्ट्रीय नियमावलीसुद्धा सांगते, कारण तेच: बिलियन कोणाचा?

तुमच्या लेखासाठी आणखी दोन ठिकाणं सांभाळा. राइशबँकेची (तेव्हाच्या जर्मन मध्यवर्ती बँकेची) सर्वांत मोठी नोट १०० बिलिओनन मार्कची होती, १ वर १४ शून्यं. झिंबाब्वेची २००९ ची गाजलेली नोट १०० ट्रिलियन डॉलरची, तीही १ वर १४ शून्यं. दोन्ही नोटांची तुलना करताना ‘झिंबाब्वेने जर्मनीलाही मागे टाकलं’ असं लिहायचा मोह होईल, पण छापील आकडा दोन्हींवर एकच आहे: एक कोटी कोटी. दुसरं, १९४६ च्या हंगेरीचा उल्लेख येणारच. तिथे फोरिंट या नव्या चलनाच्या एका एककाला पेंगो या जुन्या चलनाचे ४ लाख ‘क्वाद्रिलियन’ असा दर होता. हंगेरियन क्वाद्रिलियन लांब मोजणीचा, २४ शून्यांचा, म्हणून ४ वर २९ शून्यं. इंग्रजी पुस्तकात तो ४०० ‘ऑक्टिलियन’ असा दिसेल. तो वेगळा दर नाही, तोच आहे. इथे मराठी नाव शोधत बसू नका, सरळ ‘४ वर २९ शून्यं’ असं छापा.

आणि मूळ वाक्य असं करता येईल: ‘२० नोव्हेंबर १९२३ रोजी एका अमेरिकन डॉलरसाठी ४ लाख २० हजार कोटी कागदी मार्क मोजावे लागत होते.’ खाली टीप: ‘जर्मन बिलिओन = १ वर १२ शून्यं; इंग्रजी पुस्तकांत यालाच ट्रिलियन म्हटलेलं आढळेल.’